कॉलिंग कन्व्हेन्शनचा तक्ता लिहिताना या चुका टाळा

फंक्शनला आर्ग्युमेंट कुठे ठेवून पाठवायचं आणि उत्तर कुठून घ्यायचं, याचे नियम म्हणजे कॉलिंग कन्व्हेन्शन. आपला कोड यातले कोणते नियम पाळतो, हे सांगणारा तक्ता लिहिताना 'एक्स८६-६४ चालतं, एआरएम६४ चालतं' (ही प्रोसेसरच्या प्रकारांची नावं) एवढं लिहून मोकळं होणं, ही सगळ्यात नेहमीची चूक. प्रोसेसरचं नाव हा अर्धाच पत्ता झाला. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की त्याच चिपवर नियम बदलतात.

एक्स८६-६४ वरचं एक साधं फंक्शन घ्या: पहिलं आर्ग्युमेंट इंट (पूर्णांक), दुसरं डबल (दशांश संख्या), तिसरं पुन्हा इंट. लिनक्सवर पूर्णांकांची आणि डबलची रांग वेगळी, म्हणून ती अनुक्रमे आरडीआय, एक्सएमएम० आणि आरएसआय या रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागांत जातात. विंडोजवर रजिस्टर ठरतं ते आर्ग्युमेंटच्या क्रमांकावरून: आरसीएक्स, एक्सएमएम१, आर८. मधलं आरडीएक्स वापराविना राहतं. शिवाय कॉल करणाऱ्याने स्टॅकवर, म्हणजे फंक्शन कॉलसाठीच्या मेमरीत, ३२ बाइट राखीव जागा (शॅडो स्पेस) सोडायची, आर्ग्युमेंट एकही नसलं तरी. म्हणून तक्त्याची ओळ 'प्रोसेसर + सिस्टिम' अशी हवी, आणि ३२ बिट एआरएमसाठी हार्ड-फ्लोट की सॉफ्ट-फ्लोट, म्हणजे दशांश संख्या त्यांच्या खास रजिस्टरांत जातात की साध्या, हेही त्यात हवं.

प्रिंटएफसारखी व्हेरिएडिक (आर्ग्युमेंटांची संख्या ठरलेली नसलेली) फंक्शन्स 'इतरांसारखीच' म्हणून सोडून देऊ नका. मीही एकदा तसंच लिहिलं होतं. ॲपलच्या एआरएम६४ वर प्रिंटएफला डबल दिला आणि छापून भलताच आकडा आला. तिथे ठरलेल्या आर्ग्युमेंटांनंतरची सगळी स्टॅकवर जातात. आमचा कोड मात्र डबल व्ही० रजिस्टरमध्ये ठेवत होता. लिनक्सवर तोच कोड बिनबोभाट चालत असल्यामुळे संशय भलतीकडेच गेला.

तक्त्यात स्ट्रक्टसमोर (अनेक मूल्यांच्या गठ्ठ्यासमोर) नुसती बरोबरची खूण केली तर तिचा अर्थ काहीही होतो. विंडोज ६४ वर १, २, ४ किंवा ८ बाइटचं स्ट्रक्टच थेट मूल्य म्हणून जातं, बाकीच्यांच्या प्रतीचा पत्ता जातो. लिनक्सवर १६ बाइटपर्यंतचं स्ट्रक्ट दोन रजिस्टरांत विभागलं जाऊ शकतं. पाठवणं आणि परत घेणं यांचे रकाने वेगळे ठेवा.

वापरणाऱ्यांसाठी लक्षणंही लिहा. ३२ बिट एक्स८६ वर फंक्शन नीट चालून परतल्यावर प्रोग्रॅम कोसळला, तर सीडेकल आणि एसटीडीकॉल या तिथल्या दोन कन्व्हेन्शनांची अदलाबदल तपासा: स्टॅक कुणी आवरायचा यावरच घोळ झालेला असतो. मोव्हॲप्स या प्रोसेसरच्या सूचनेवर कोसळला, तर स्टॅकचा पत्ता १६ च्या पटीत आहे का ते आधी पाहा.

आणि चाचणी न केलेल्या ओळीपुढे 'तपासलेलं नाही' असं सरळ लिहा. नुसते इंट पाठवून केलेली चाचणी मी तरी धरत नाही.