टोप्यांचा काउंटर स्टँड घेताय? मग या चुका टाळा

महाबळेश्वरच्या बाजारात टोपी हा ठरवून घ्यायचा माल नाही. घरून निघताना कुणी ‘टोपी घ्यायचीय’ म्हणून निघत नाही. पॉइंटवर ऊन लागतं, किंवा आर्थर सीटच्या वाऱ्यानं डोक्यावरची टोपी दरीत जाते, किंवा शेजारच्या कुटुंबाच्या फोटोत गवती हॅट शोभून दिसते, आणि परतताना गाडी बाजारात थांबते. असं गिऱ्हाईक दुकानात शिरतच नाही. ते उंबऱ्याशी उभं राहतं, काउंटरवर हाताशी असेल ते उचलतं, डोक्यावर घालून बघतं आणि घेतं किंवा निघून जातं. मागच्या भिंतीवर आमच्या दीडशे टोप्या टांगलेल्या असतात, पण सीझनमध्ये गल्ला भरतो तो काउंटरवरच्या वीस-पंचवीस टोप्यांनी.

आमचे आजवर तीन स्टँड झाले. पहिले दोन चुकले. ते कुणाकडून घेतले ते नाव नको, कारण निम्मी चूक आमचीच होती. आम्ही टोपी बघून स्टँड निवडला नाही, फोटो बघून निवडला.

रिकाम्या स्टँडचं माप

कॅटलॉगात स्टँड रिकामा असतो. खाली लिहिलेलं असतं, ‘बेस 12 इंच’. आपण म्हणतो, वा, आपला काउंटर 20 इंच रुंद आहे, आरामात बसेल. पण साधी कॅप मागच्या पट्ट्यापासून पुढच्या चोचीच्या टोकापर्यंत 10-11 इंच भरते. चारही बाजूंनी कॅपा लावल्या की तोच 12 इंचांचा स्टँड 26 ते 28 इंच जागा खातो. आमचं तसंच झालं. एका बाजूच्या चोची गिऱ्हाइकाच्या पोटाला लागायच्या, आणि दुसऱ्या बाजूला गल्ल्याचा ड्रॉवर उघडला की दोन कॅपा खाली.

यावर उपाय फुकटचा आहे. दोन वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून 28 इंचांचा गोल कापायचा, काउंटरवर पसरायचा आणि एक दिवस त्याच्या भोवतीनं धंदा करायचा. पिशवी कुठे ठेवतो, सुट्टे कुठे मोजतो, यूपीआयचा स्टँड कुठे सरकवावा लागतो, सगळं संध्याकाळपर्यंत कळतं. रुंद कडेच्या हॅट लावायच्या असतील तर हिशेब आणखी बदलतो. साडेतीन इंच कडेची गवती हॅट एकटीच 14-15 इंच व्यापते. तिच्यासाठी फिरता स्टँड घ्यायचाच नाही, भिंतीला पाठ लावून बसणारा एकतोंडी घ्यायचा.

उंचीचंही तेच. दुसरा स्टँड 30 इंच उंच होता आणि काउंटर 40 इंच. म्हणजे पाच फूट दहा इंच. गल्ल्यावर आई बसते, तिची उंची पाच फूट. पहिल्याच रविवारी एक बाई येऊन हाका मारायला लागल्या, “अहो, कुणी आहे का दुकानात?” टोप्यांच्या मागून आई म्हणाली, “मी इथंच आहे हो, सकाळपासून.” माल दिसतो पण दुकानदार दिसत नाही, अशा दुकानात भाव विचारायलासुद्धा लोक थांबत नाहीत. उचलेगिरीचं तर बोलायलाच नको. काउंटर आणि स्टँड मिळून सव्वापाच फुटांच्या वर जाऊ देऊ नका. गल्ल्यावरचा माणूस बुटका असेल तर आणखी कमी.

सगळ्या टोप्या एकाच हुकाला

सगळ्यात जास्त माल या चुकीनं खराब होतो, म्हणून इथं जरा थांबू.

टोपी टोपीत फरक आहे. मागे पट्टा असलेली कॅप हुकाला टांगता येते, पण टांगली की गिऱ्हाइकाला तिची पाठ दिसते आणि पुढचं नक्षीकाम भिंतीकडे तोंड करून बसतं. बंद पाठीच्या, नंबरावर विकल्या जाणाऱ्या कॅपला तर टांगायला जागाच नसते. कॅपसाठी तारेचा तिरका कप्पा चांगला. एकात एक पाच-सहा बसतात आणि वरचीचं तोंड समोर राहतं. कप्प्यात दहा कोंबता येतात म्हणून दहा कोंबू नका, वरची कॅप निघते तेव्हा खालच्या तीन घेऊन निघते. चोचीला चिमटा लावून धरणारे स्टँडही मिळतात. ते चार दिवसांच्या प्रदर्शनाला ठीक. महिनाभर लावलेल्या चिमट्याचा वळ चोचीवरून जात नाही, आणि गिऱ्हाईक बरोबर तेवढंच बघतं.

गवती हॅट कडेवर टेकवून ठेवली की संपली. वजन सगळं कडेवर येतं, वर दुकानातला दमटपणा, आणि एप्रिलमध्ये लावलेली हॅट मेअखेर भाजलेल्या पापडासारखी वळलेली असते. तिला आतून, माथ्याला आधार हवा. दांडीच्या टोकाला बशीएवढा गोल असेल तर त्यावर हॅट डोक्यावर बसल्यासारखी बसते. नुसत्या टोकदार दांडीवर ठेवली तर माथ्याची वीण उसवते. फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, आणि काउबॉय हॅटलाही हाच आधार. ती हॅट उचलताना लोक पुढच्या खाचेला चिमटीत धरतात, फेल्ट तिथंच चिरते. म्हणून ती इतकी खाली ठेवा की हात आपसूक कडेला जाईल.

लोकरीची कानटोपी हुकाला टांगू नये, विणकाम लोंबतं आणि टोपीला शेंडी फुटते. साधी वेताची टोपली ठेवा. लोकांना लोकर हातानं चाचपून बघायची असते, त्यांना चाचपू द्या. गांधी टोपीला स्टँड लागतच नाही. ती घडीची असते, घडीतच रुबाबदार दिसते. एका उथळ ट्रेमध्ये 21, 22, 23 अशी नंबरवार उभी लावली की म्हातारा माणूस स्वतःच आपला नंबर ओढून काढतो.

थर्माकोलची डोकी घेणार असाल तर टेप घेऊन जा. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण 56 ते 60 सेंटिमीटर असतो. हॅटवर 7¼ असा जो अमेरिकी नंबर दिसतो तो म्हणजे 58 सेंटिमीटर, कारण तो घेर नसून इंचांतला व्यास आहे. बाजारातली बरीचशी थर्माकोलची डोकी यापेक्षा लहान भरतात. त्यांच्यावर चांगली टोपीही नाकापर्यंत उतरते आणि आजोबांची मागून घातल्यासारखी दिसते.

पनामाचंही सांगून टाकतो. ‘पनामा आहे का?’ म्हणून विचारणारे खूप येतात. खरी पनामा हॅट पनामाची नाही, इक्वेडोरची. तिथल्या तोकिया गवताच्या विणकामाची युनेस्कोनं 2012 साली वारसा म्हणून नोंद केली. आपल्याकडं त्या नावानं मिळतात त्या बहुतेक कागदी धाग्याच्या. गिऱ्हाइकाला तसं सांगून विका. आणि कागदी असो की खरी, सुकलेली हॅट दुमडून कप्प्यात खुपसू नका, घडीवर तडकते.

एका हातात मक्याचं कणीस

स्टँड पसंत करताना आम्ही आता एकच परीक्षा घेतो. डावा हात खिशात घालायचा. उजव्या हातानं टोपी काढायची, डोक्यावर घालायची, आरशात बघायची आणि परत जागच्या जागी ठेवायची. आमच्या गिऱ्हाइकाच्या एका हातात कणीस, स्ट्रॉबेरी-क्रीमचा ग्लास नाहीतर पोराचं मनगट असतंच. दोन हात लागणाऱ्या स्टँडवरून लोक टोपी काढत नाहीत, आणि काढली तर परत ठेवत नाहीत. संध्याकाळी सगळ्या टोप्या काउंटरवर ढिगानं पडलेल्या असतात.

एका हातानं टोपी ओढली की हलका स्टँडही टोपीबरोबर येतो. कॅपचं वजन साधारण 80 ते 100 ग्रॅम, म्हणजे दोन डझनांचे दोन-सव्वादोन किलो झाले. ते चारी बाजूंना सारखे असतात तोवर काही होत नाही. पण विक्री सारखी होत नाही. रस्त्याकडची बाजू दुपारपर्यंत रिकामी होते, मागची भरलेली राहते, आणि स्टँड आईच्या अंगावर कलतो. विकत घेण्याआधी सगळ्या टोप्या एकाच बाजूला लावून बोटानं ढकलून बघा. विक्रेता तोंड वाकडं करील, करू द्या. घेतलेला स्टँड हलका निघाला तर फरशीवाल्याकडून फूटभर चौरस कडप्प्याचा तुकडा आणा. पाऊण इंच जाडीचा असेल तर साडेचार किलोच्या आसपास भरतो. भोकं पाडून बेसखाली नटबोल्टनं आवळा आणि खाली रबरी बुटं लावा.

आरसा स्टँडवरच असलेला घेऊ नका, निदान फिरत्या स्टँडवर तरी नको. एक ताई हॅट घालून आरशात बघत होत्या, पलीकडून दुसऱ्या कुटुंबातल्या मुलानं स्टँड गर्रकन फिरवला, आरसा निघून गेला आणि ताईंच्या समोर माकडटोपी आली. सगळे हसले, पण हॅट विकली गेली नाही. आरसा वेगळा, काउंटरवर ठरलेल्या जागी, थोडा मागे कललेला ठेवा. निदान वहीच्या पानाएवढा हवा. टोपी नुसत्या चेहऱ्यावर बघत नाहीत, खांद्यापर्यंत बघतात.

पावसाळ्याचा विचार खरेदीच्या वेळी

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मालवण किंवा कळंगुटच्या दुकानदाराला पाऊस कमी, पण खारी हवा बारमाही. अशा ठिकाणी साधी तार गंजणारच. पावडर कोटिंग असलं तरी वेल्डिंगच्या सांध्यावर आणि जिथं टोपी रोज घासते तिथं ते आधी उडतं. आमच्या पहिल्या स्टँडनं एका जुलैत अकरा पांढऱ्या कॅपांच्या आत तांबूस रेघा काढून दिल्या. घाईत ब्लीचमध्ये बुडवल्या तर डाग आणखी पक्के झाले. गंजाच्या डागाला ब्लीच लावायचं नसतं, लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवायचं. त्यानं फिका होतो, पूर्ण जाईलच असं नाही.

स्टील घ्यायचं तर 304 ग्रेड मागा, 202 स्वस्त पडतं पण दमट हवेत लवकर डागाळतं. चुंबक लावून ओळखू म्हणाल तर तसं होत नाही, सहसा दोन्हीला चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, बेस पाणी पिऊन कडेनं फुगतो, तो नकोच. अॅक्रिलिक गंजत नाही आणि दिसतंही छान, पण काच पुसायचा फवारा मारलात तर कालांतरानं त्यात केसासारख्या भेगा दिसायला लागतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

स्टँड घरात आलाच असेल तर

तार गंजायला लागली असेल तर फेकू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरीवर चढवायची श्रिंक स्लीव्ह मिळते. गंज पॉलिश पेपरनं घासा, स्लीव्ह चढवा, गरम हवा द्या, ती तारेला घट्ट बसते. टोपीला वळही कमी पडतो.

कड वळलेली गवती हॅट किटलीच्या वाफेवर वीतभर अंतरावरून फिरवायची, हातानं सपाट करायची आणि थंड होईपर्यंत माथ्यावर पालथी ठेवायची. कागदी धाग्याला वाफ अगदी थोडी, नाहीतर लगदा होतो. प्लास्टिकच्या धाग्याला आणखी लांबून.

एकाच बाजूच्या टोप्यांचा रंग उडत असेल तर दोष मालाचा नाही, पश्चिमेच्या उन्हाचा आहे. लाल आणि नेव्ही ब्लू त्या बाजूला लावू नका, नाहीतर रोज सकाळी स्टँड पाव फेरा फिरवून ठेवा. भावाचं स्टिकर चोचीवर चिकटवलं असेल तर आजच काढा, दोन महिन्यांनी गोंद राहतो. भाव कप्प्यावर लिहा.

आणि स्टँड फिरताना कुरकुरत असेल तर शिलाई मशिनचं तेल घालू नका. आम्ही घातलं होतं. ते दांडीवरून ओघळत रात्रीतून खालच्या ओळीत उतरलं आणि सकाळी चार क्रीम रंगाच्या हॅटना माथ्यावर रुपयाएवढे टिळे होते. बेअरिंग उघडून सायकलवाल्याकडचं बोटभर ग्रीस भरा, वरचं पुसून घ्या, आणि त्या रात्री खालचा कप्पा रिकामा ठेवा.