स्किझोफ्रेनिया उलटू नये म्हणून घरात या चुका टाळा

गोळ्या चुकत नाहीत, तरी आजार उलटतो. अशा वेळी घरातलं बोलणंचालणं तपासायला हवं. स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार घरच्यांमुळे होत नाही; शुभंकरांनी, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी, ते ओझं मनावर घेऊ नये. पण तो उलटण्यात घरातल्या ताणाचा वाटा असतो. व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी १९७६ साली लंडनमधल्या १२८ रुग्णांची आकडेवारी मांडली. सतत टीका, द्वेष किंवा अति काळजी असलेल्या घरांत ९ महिन्यांत ५१ टक्के जणांचा आजार उलटला, इतर घरांत १३ टक्के जणांचा.

सर्वांत जास्त बोलणी बसतात ती ‘आळसा’वरून. दुपारपर्यंत झोपणं, अंघोळ टाळणं, गप्प बसणं हा बहुधा आजाराचाच भाग असतो, कधी गोळ्यांची गुंगीही. ‘ऊठ, किती लोळशील!’ म्हटल्याने उमेद येत नाही, ताण तेवढा वाढतो. त्यापेक्षा एकच काम ठरवा: नऊ वाजता कुंड्यांना पाणी. पहिले काही दिवस सोबत उभे राहा, झालं की तसं बोलून दाखवा, आणि ते अंगवळणी पडल्यावरच दुसरं काम द्या. तक्रार करायचीच तर कामाबद्दल करा. ‘भांडी राहिली’ चालेल. ‘तू कामाचाच नाहीस’ नको. चंदीगडमध्ये रुग्णांच्या घरांवर झालेल्या अभ्यासातही आजार उलटण्याशी संबंध दिसला तो माणसालाच नाकारणाऱ्या अशा द्वेषाचा.

दुसरं टोक अति काळजीचं. रुग्णाच्या वतीने उत्तरं देणं, चोवीस तास पाळत ठेवणं. लंडनच्या तणावाच्या घरांत आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर राहणाऱ्यांचा आजार अधिक उलटला. वन रूम किचनमध्ये अंतर ठेवणं कठीण, हे खरं. तरी रोज दोन तास कुणीतरी एकाने बाहेर पडावं. डे केअर, म्हणजे रुग्णांसाठीचं दिवसभराचं केंद्र, मिळालं तर उत्तमच.

भाजीत गोळी लपवू नका. कळलं की संशयाला पुरावाच मिळतो, आणि किती औषध पोटात गेलं तेही समजत नाही. त्यापेक्षा गोळ्यांऐवजी दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

भासांवर वाद नको, होकारही नको. ‘तुला भीती वाटतेय, मी इथेच आहे’ एवढं पुरे.

सलग दोन-तीन रात्री झोप उडाली, संशय वाढला, स्वतःशी पुटपुटणं सुरू झालं, तर उलटतपासणी न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ते भेटत नसतील तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.