सोलापूरच्या उन्हात फुटबॉल सीझनची तयारी: कॅम्पआधीचे सहा आठवडे

क्लबचा कॅम्प सुरू व्हायच्या सहा आठवडे आधी तयारीला लागायचं. सुट्टीवर घरी आलेल्या व्यावसायिक खेळाडूने सोलापुरात पळायला सुरुवात करण्याआधी दोन गोष्टींचा अंदाज घ्यावा: ऊन आणि जमीन. पारा चाळिशीपार असताना साधं जॉगिंगही शरीराला जड सत्रासारखं पडतं. मैदान दगडासारखं असेल, तर त्याचा हिशेब नडगी आणि टाच वेगळा लावतात.

शरीर उन्हाला सरावायला 10 ते 14 दिवस लागतात, त्यात घाई चालत नाही. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हाच मैदानात उतरा. पहिले तीन दिवस 30-40 मिनिटं हलकं काम, मग दर दोन दिवसांनी दहा मिनिटं वाढ. इथली हवा कोरडी असल्यामुळे घाम अंगावर टिकत नाही, लगेच उडतो आणि ‘आज फारसा घाम आला नाही’ असं वाटतं. म्हणून वजनकाट्यावर विश्वास ठेवा. सत्राआधी 70 किलो, नंतर 68.8 आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर घाम गेला सुमारे 1.7 लिटर. उरलेली 1.2 किलोची तूट दीडपट करून, म्हणजे 1.8 लिटर, पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं प्या. नुसतं पाणी ढोसू नका, मीठही परत जायला हवं: मिठाचं ताक, भाकरीबरोबर शेंगाची चटणी. ओआरएस घेतलात तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात.

सरावात कुणी असंबद्ध बोलू लागला, अडखळला, कोसळला तर तो उष्माघात समजायचा. 108 ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. कपडे उतरवून टबात, थंड पाण्यात बसवा. टब नसेल तर अंगावर सतत पाणी ओता, बर्फात बुडवलेले टॉवेल बदलत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता जमीन. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि घोटा नेमका त्यातच मुरगळतो. सरावाचे कोन (प्लॅस्टिकचे शंकू) मांडण्याआधी मैदानावर एक चक्कर मारा. बुटाच्या तळाचे लांब स्टड, म्हणजे खुंट, इथे रुतत नाहीत, पायच हेलकावतो. छोटे मोल्डेड स्टड किंवा टर्फ शूज बरे. पहिले दोन आठवडे पळणं मुरमावर किंवा गवतावर ठेवा. पहिल्या पावसानंतर हीच माती बुटाला ढेकळासारखी चिकटते, पाय ओढावा लागतो आणि जांघ धरते. त्या दिवशी सरळ जिम गाठा.

दम वाढवण्यासाठी मैदानाला तासभर फेऱ्या मारायची सवय अजून जात नाही. सामन्यात 10-12 किलोमीटर पळणं होतं खरं, पण ते तुटक असतं. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा 4-4 मिनिटं जोरात पळण्याच्या 4 खेपा करा, नाडी कमाल ठोक्यांच्या 90-95 टक्क्यांवर, मधे 3 मिनिटं हलकं जॉगिंग. नाडी दाखवणारं घड्याळ नसेल तर खूण अशी: दोन-तीन शब्द बोलता यावेत, पूर्ण वाक्य नाही. मित्र जमले तर 30 बाय 40 मीटरमध्ये चारास चार खेळा. हा प्रकार फसतो तो चेंडू बाहेर गेल्यावर. कुणीतरी आणेपर्यंत सगळे उभे राहतात आणि नाडी उतरते. कडेला आठ-दहा चेंडू ठेवा, लगेच दुसरा आत टाका.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी, म्हणजे हॅमस्ट्रिंगसाठी, नॉर्डिक हा व्यायाम. गुडघे गादीवर, घोटे साथीदाराने घट्ट धरलेले, मग गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ रेषेत, जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकायचं. शेवटी हातांवर पडून ढकलून वर. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, 5 चे 2 सेट. दुसऱ्यात दोन दिवस, 6 चे 2. तिसऱ्यात तीन दिवस, 6-8 चे 3. चौथ्यापासून 8-10 चे 3. कंबरेत वाकलात की व्यायाम सोपा होतो आणि त्या स्नायूवरचा भार कमी होतो. आणि पहिल्याच दिवशी जोश दाखवून तीन सेट मारलेत, तर पुढचे तीन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागेल, कारण ताणलं जात असताना जोर लावायची स्नायूला सवय नसते.

पूर्ण वेगाची स्प्रिंटही टाळू नका. कॅम्पच्या पहिल्याच दिवशी ती अचानक आली की हॅमस्ट्रिंग जातं. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा, वॉर्म-अपनंतर ताज्या पायांनी 30 मीटरच्या 4 ते 6, प्रत्येकीनंतर 2-3 मिनिटं चालत विश्रांती. धाप लागलेली असताना केलेली स्प्रिंट ही स्प्रिंट नव्हेच.

वहीत रोज एक आकडा लिहा: सत्र किती जड गेलं ते 0 ते 10 मध्ये, गुणिले मिनिटं. 60 मिनिटं आणि 7 म्हणजे 420. आठवड्याची बेरीज 1500 वरून एकदम 2500 वर गेली, तर दुखापत दाराशीच समजा.

सहाव्या आठवड्यात वेळ जवळपास निम्मा करा, वेग मात्र तोच ठेवा. कॅम्प कोलकात्याला किंवा कोचीला असेल तर तिथली हवा दमट. घाम निथळेल पण उडणार नाही, अंग तापत राहील. सोलापूरची सवय तिथे अर्धीच उपयोगी पडते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात नाडी नेहमीपेक्षा जास्त दिसेल, हे प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेवा.