वर्षअखेरीच्या कोऱ्या पानांची वही

एक मेला निकाल लागला की वह्यांचा गठ्ठा रद्दीच्या रांगेत जाऊन बसतो. तो रद्दीवाल्याला द्यायच्या आधी एकदा मागच्या बाजूने चाळून बघा. भूगोलाची वही अर्धी कोरी असते, चित्रकलेच्या वहीत शेवटची पाच-सहा पानं शिल्लक असतात आणि 'मूल्यशिक्षण' असं नाव घातलेल्या वहीत तर बहुतेक वेळा नावच असतं. मध्यंतरी, २०२३ सालापासून, बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांमागे कोरी पानं जोडलेली होती. आमच्या नातवाच्या पुस्तकांत त्यांतली निम्मी पानं तशीच राहिली होती. एवढ्या ऐवजात घरातल्या घरात दोन-तीन चांगल्या वह्या होतात, आणि त्यासाठी बाजारातून काही आणावं लागत नाही.

मी बरीच वर्षं नारायण पेठेतल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात काम केलं. आम्हा बायकांकडे घडी मारणं, फर्मे (म्हणजे दुमडलेल्या कागदांचे जुडगे) लावणं आणि शिलाई असायची. पुठ्ठा आणि कटिंग मशीन पुरुषांकडे. पण पुठ्ठ्याचं टेबल आमच्या समोरच होतं, त्यामुळे बघून बघून तेही हातात बसलं. इथे सांगते ती कारखान्याचीच पद्धत, फक्त यंत्राच्या जागी पाट आणि डाळीचे डबे.

आधी पानं वेगळी काढायची. घाईघाईने टराटरा फाडू नका, इथेच निम्मी वही वाया जाते. मधोमध पिना मारलेल्या शंभरपानी वहीत कागद असतात पंचवीस. ते दुमडून पन्नास पानं होतात आणि दोन्ही बाजू मोजून शंभर. म्हणजे पहिलं पान आणि शेवटचं पान हा मुळात एकच कागद. मुलाने पुढची पंधरा पानं लिहिली असतील, तर मागची पंधरा कोरी पानं या लिहिलेल्या पानांना जोडलेली आहेत. ती सुटीच निघणार. मधले दहा कागद मात्र दोन्हीकडून कोरे, ते अख्खे मिळतात. पंचवीसपेक्षा जास्त पानं लिहिली असतील तर अख्खा कागद एकही नाही, सगळी सुटी पानं. म्हणून वही उघडून मधल्या पिनांशी जायचं, चमच्याच्या दांड्याने पिनांची टोकं सरळ करायची आणि पिना मागच्या बाजूने ओढून काढायच्या. अख्खे कागद एका बाजूला, सुटी पानं दुसऱ्या बाजूला. सुटी पानं पट्टी लावून घडीवर फाडा, म्हणजे कड सरळ येते. पिना डबीत टाका. फरशीवर राहिल्या तर पायात जातात.

रेघांची, दुरेघी, चौकटीची, कोरी अशी पानं एकत्र झाली तरी काही बिघडत नाही. माझ्या मते उलट मजा येते. फक्त आकार एक हवा. लहान-मोठी पानं असतील तर सगळ्यात लहान पान वर ठेवून त्याच्या मापाने बाकीची कापा.

सामान असं: दाभण, जाड सुई, गोधडीचा दोरा, मेणबत्तीचा तुकडा, कपडे वाळत घालायचे चिमटे, एक जुनी हवाई चप्पल, लोखंडी पट्टी आणि कटर. चप्पल भोकं पाडताना खाली ठेवायला. दाभण रबरात रुतते, टेबलाला भोक पडत नाही आणि टोकही बोथट होत नाही. दोरा मेणबत्तीवरून दोन-तीनदा ओढून घ्यायचा. मेण लागलेल्या दोऱ्याला पीळ पडत नाही, गाठ घट्ट बसते आणि तो कागदाला कापत नाही. दाभण आणि कटर मोठ्यांनीच हातात घ्यावं. मुलांना पानं लावणं, दोऱ्याला मेण लावणं आणि खळ फासणं ही कामं द्या, ती त्यांना आवडतातही.

अख्ख्या कागदांची शिलाई अगदी सोपी. दहा कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा आणि चमच्याच्या पाठीने घडी दाबा. वरून एक जाडसर कागद त्याच मापाचा दुमडून बसवा. हे अस्तर, पुढे पुठ्ठ्याला चिकटणार ते हेच. वही उघडून घडीच्या रेघेवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दुसरी दोन वरून आणि खालून दोन बोटं आत. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत आणा, मग आतल्या आत मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर न्या आणि शेवटी मधल्या भोकातून परत आत. आता दोऱ्याची दोन टोकं आत आहेत आणि त्यांच्यामध्ये एक लांब टाका आहे. एक टोक टाक्याच्या डावीकडे, दुसरं उजवीकडे घेऊन टाक्यावर घट्ट दुहेरी गाठ मारा. टोकं बोटभर ठेवून कापा, अगदी गाठीपाशी कापली तर गाठ सुटते. दोरा ओढताना घडीच्या दिशेने ओढा. आडवा ओढलात तर कागद भोकापाशी फाटेल.

सुट्या पानांना घडी नाही, म्हणून त्यांची शिलाई कडेने. पानं टेबलावर ठोकून दोन कडा एकसारख्या करा, चिमटे लावा, आणि कडेपासून एक सेंटिमीटर आत सारख्या अंतरावर पाच भोकं पाडा. साधा धावता टाका घालत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जा आणि त्याच भोकांतून उलट परत या, म्हणजे मधल्या रिकाम्या जागा भरतात. गाठ मागे मारा. एका वेळी चाळीस पानांच्या वर घेऊ नका, दाभण तिरकी जाते आणि मागची भोकं वेडीवाकडी येतात. ही वही पूर्ण सपाट उघडत नाही, त्यामुळे लिहायला थोडी अडचणीची. माझी दुधाच्या हिशोबाची वही अशीच आहे, तिथे काही अडत नाही.

आता खळ. बहुतेक लोक इथे फेविकॉलची बाटली काढतात. त्याला माझी ना नाही, पण पुठ्ठ्यावर कागद चढवायला खळच बरी. ती हळू वाळते, त्यामुळे वाकडा बसलेला कागद सरकवून सरळ करता येतो, आणि हाताला लागली तर पाण्याने निघते. दोन चमचे मैद्याला एक वाटी पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ठेवा आणि सतत ढवळत राहा. आधी ती दुधासारखी पांढरी दिसते, मग घट्ट होते, आणि मग रंग बदलून किंचित पारदर्शक, चकचकीत होते. तिथे गॅस बंद. पांढरी असतानाच उतरवली तर कच्ची राहते आणि वाळल्यावर भुकटी होऊन सुटते. गार झाली की चहाच्या जुन्या गाळणीतून काढा. मैदा नसेल तर गव्हाचं पीठ चालतं, फक्त चाळणीने कोंडा काढून टाका.

कारखान्यात खळीत मोरचूद घालायचे. त्याने झुरळं आणि कसर वहीला लागत नाही. पण मोरचूद विषारी असतं, घरच्या पातेल्यात ते मुळीच आणू नका. लागेल तेवढीच खळ करा. उरली तर झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. वास आला की टाकून द्या. खळीची वही घरात ठेवायची तर ती कोरड्या जागी ठेवा आणि वर्षातून एकदा उन्हाळ्यात उघडून झटका. कसरीला अंधार आणि दमट हवा लागते.

पुठ्ठा शर्टाच्या खोक्यातला, साडीच्या खोक्याचं झाकण किंवा जुन्या कॅलेंडरच्या मागचा. कापायच्या आधी त्याची दिशा बघा. कागदाचे तंतू एका दिशेने बसलेले असतात. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं आणि आडवं फाडलं तर दातऱ्या पडतात, ते यामुळेच. पुठ्ठा दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा, आधी लांबीत आणि मग रुंदीत. ज्या बाजूने सहज वाकेल, त्या वाकाची रेघ वहीच्या पाठीला समांतर आली पाहिजे. वरच्या कागदाचंही तेच. खळीचं पाणी लागलं की कागद तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो आणि वाळताना आकसतो. दिशा चुकली तर पुठ्ठा पापडासारखा वळतो आणि मग त्याच्यावर कितीही वजन ठेवा, सरळ होत नाही.

पुठ्ठ्याचे दोन तुकडे पानांपेक्षा वर, खाली आणि पुढच्या बाजूला तीन-तीन मिलिमीटर मोठे कापा. पाठीला कापडी पट्टी. जुन्या पँटची लांबी कमी करताना उरलेला तुकडा उत्तम, सुती साडीचा काठही चालतो. सहा-सात सेंटिमीटर रुंद आणि पुठ्ठ्यापेक्षा वर-खाली दीड-दीड सेंटिमीटर लांब कापा. खळ कापडाला न लावता पुठ्ठ्याला लावा. पातळ कापडाला लावलीत तर ती वरच्या बाजूने फुटते आणि डाग पडतात. दोन पुठ्ठ्यांमध्ये अंतर किती? वहीची जाडी अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी. यापेक्षा कमी ठेवलंत तर वही मिटत नाही. पट्टीची वर-खालची टोकं आत दुमडून चिकटवा.

उरलेल्या पुठ्ठ्यावर कागद चढवायचा. कालनिर्णयची जुनी पानं, ब्राऊन पेपर, मिठाईच्या दुकानातला छापील कागद, काहीही चालेल. फक्त मेणचट, चकचकीत कागद नको, त्यात खळ मुरत नाही. जाड लग्नपत्रिकाही पुठ्ठ्यावर चढवू नका, दुमडताना तडकते. तिचा उपयोग कडेने शिवलेल्या वहीला: पत्रिका उघडून दोन्ही बाजूंना लावायची आणि टाक्याच्या किंचित पुढे पट्टीच्या आधाराने घडी पाडायची, म्हणजे पान उलटताना टाक्यावर ताण येत नाही. त्या वहीला पुठ्ठा लागतच नाही.

कागदाला खळ मधून बाहेर फासत न्या. मग लगेच चिकटवू नका, दोन मिनिटं थांबा. ओला कागद आधी फुगतो, फुगणं पूर्ण झालं की लावायचा. घाईने लावलात तर तो पुठ्ठ्यावरच फुगेल आणि बुडबुडे येतील. आमच्याकडे नवीन मुलींना पहिल्यांदा हेच सांगायचे. कोपऱ्यावरचा कागद तिरपा कापा, पण अगदी पुठ्ठ्याच्या टोकाला लागून नको. पुठ्ठ्याच्या दीडपट जाडीएवढा कागद सोडा, नाहीतर दुमडल्यावर कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो. आधी वरची-खालची बाजू दुमडा, नखाने कोपरा आत दाबा, मग पुढची बाजू.

शेवटी शिवलेली वही पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा. अस्तराच्या कागदाखाली एक रद्दी कागद सरकवून अस्तराला खळ लावा, रद्दी काढून घ्या, पुठ्ठा वर मिटवा आणि उलटून दुसरी बाजू तशीच करा. अस्तर फक्त शोभेचं नाही. वरचा कागद वाळताना पुठ्ठ्याला बाहेरच्या बाजूला ओढत असतो, अस्तर आत ओढतं, आणि त्या दोघांच्या ओढाताणीत पुठ्ठा सरळ राहतो.

आता वही दाबात. जेवायला बसायचे दोन लाकडी पाट असतील तर फारच छान. पाटांच्या सपाट बाजू आत, मध्ये वही, वहीच्या वर-खाली वर्तमानपत्र, आणि वरच्या पाटावर डाळ-तांदळाचे भरलेले डबे. अस्तर आणि पहिलं पान यांच्या मध्ये प्लॅस्टिकची पिशवी कापून घाला, नाहीतर खळीची ओल पानांत उतरते. तासाभराने ओली वर्तमानपत्रं बदला. रात्रभर वजनाखाली राहू द्या, पावसाळ्यात आणखी एक रात्र. उन्हात अजिबात ठेवू नका, एक बाजू आधी वाळते आणि पुठ्ठा वाकतो. मुलं मध्येच उघडून बघायला मागतात. बघू द्यायचं नाही.

कापताना निघालेल्या पट्ट्या आणि लहान पानं यांचं वाणसामानाच्या यादीचं पॅड करा. सगळे तुकडे एका मापाचे करून एक कड ठोकून सारखी करा, चिमट्यांनी दाबून धरा आणि त्या कडेला फेविकॉलचे दोन हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. इथे खळ नको, ती कडक होते आणि एक पान ओढलं की चार सुटतात. खाली खोक्याचा पुठ्ठा लावून वरच्या कोपऱ्यात एक भोक पाडा आणि पॅड फ्रिजशेजारच्या खिळ्याला अडकवा. पेन्सिलही दोऱ्याने तिथेच बांधून टाका.