कार स्टिरिओ बंद पडतोय? नवा सेट घेण्याआधी या चुका टाळा

आवाज वाढवला की स्टिरिओ बंद होऊन पुन्हा सुरू होतो, किंवा खड्ड्यात गाडी आदळली की गप्प होतो. अशा वेळी आधी सेट बदलला जातो, आणि नव्या सेटचंही तेच होतं. कारण दोष त्याच्यापर्यंत येणाऱ्या सप्लायमध्ये असतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो मल्टिमीटर. सेटच्या मागचा वायरींचा सॉकेट काढून मोजलं तर १२.५ व्होल्ट दिसतात आणि सप्लाय ठीक आहे असं ठरतं. पण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरीचे चार तंतू शाबूत असले, तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. सेटने काही अँपिअर मागितले की ते कोसळतं. म्हणून सेट जोडून, आवाज वाढवूनच मोजा. किंवा सॉकेटच्या पिवळ्या (बॅटरीच्या) आणि काळ्या (अर्थिंगच्या) वायरीमध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो. मंद पेटला तर दोष वायरिंगचाच.

मग अर्थिंग बघा, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी. काळी वायर रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने दाबून टाकलेली असते, आणि रंगातून करंट जात नाही. सेट मोठ्याने वाजत असताना मीटरची एक पिन काळ्या वायरीला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंग नव्याने करा, पत्रा खरवडून. अँटेनाची पिन काढताच सेट बंद पडत असेल तर शंकाच नको: करंट अँटेनाच्या वायरीवरच्या धातूच्या जाळीतून परत जात होता.

चावी काढली की स्टेशनं पुसली जातात? पिवळी आणि लाल वायर उलट जोडली गेली असेल. पिवळी थेट बॅटरीची, लाल चावीची. दोन्ही एकत्र पिळून पिवळ्यावर टाकल्या तर सेट चावीने बंदच होत नाही आणि बॅटरी उतरते. गाडीकडच्या वायरींच्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका. चावी काढल्यावरही जिच्यात १२ व्होल्ट राहतात, ती बॅटरीची.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. १० च्या जागी २० चा फ्यूज किंवा चांदीचा कागद म्हणजे डॅशबोर्डमागे आगीला आमंत्रण. दुसराही उडाला तर बहुधा कुठेतरी वायर घासून पत्र्याला लागली आहे, ती शोधा.

जोडणीला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. कंपनीच्या काही सेटना त्यानंतर सिक्युरिटी कोड लागतो, तो आधीच शोधून ठेवा.