विंटर ब्रेकमध्ये कॉलेजची तयारी: अकरावीतल्या मुस्लिम मुलांसाठी

अमेरिकेत हायस्कूलच्या अकरावीला, म्हणजे ज्युनिअर इयरला असाल तर डिसेंबरची ही सुट्टी हातातून घालवू नका. झोपा, फिरा, नातेवाइकांकडे जा, पण त्यातले चार-पाच दिवस कॉलेजसाठी काढाच, कारण नंतर रमजान, एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) आणि एपीच्या (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या दर्जाच्या विषयांच्या) परीक्षा एकामागोमाग एक अंगावर येतात आणि मग श्वास घ्यायला वेळ मिळत नाही.

या दिवसांत कॅम्पस बघायला मात्र जाऊ नका. तिथली मुलं सुट्टीला घरी गेलेली असतात, रिकाम्या बिल्डिंगी बघून काय कळणार? पण तीच मुलं सध्या तुमच्या मशिदीत आलेली आहेत ना! जुम्म्याची नमाज झाली की दारात बूट घालत असलेल्या एखाद्या भाईला नाहीतर आपाला गाठा आणि सरळ विचारा, नमाजची खोली क्लासपासून किती लांब आहे, वुजूची, म्हणजे नमाजआधी हातपाय धुण्याची सोय आहे की बाथरूमच्या बेसिनमध्ये पाय वर करून धुवावे लागतात, रमजानमध्ये डायनिंग हॉलवाले सहरीसाठी, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणासाठी डबा बांधून देतात का, पहिल्या वर्षी मील प्लॅन (कॉलेजच्या जेवणाचे आधीच भरायचे पैसे) घ्यावाच लागतो का, मुलींसाठी हॉस्टेलला वेगळा मजला मिळतो का. आमच्या मोठीच्या वेळी एका कॉलेजच्या वेबसाइटवर 'हलाल उपलब्ध' वाचून आम्ही खूश झालो होतो, मग तिथेच शिकणारी एक मुलगी मशिदीत भेटली, ती म्हणाली आंटी, ते एकाच काउंटरवर असतं आणि तेही फक्त दुपारी, रात्री मी अंडी खाते. दहा मिनिटांच्या बोलण्यात हे कळलं. ओळखीचं कोणी नसेल तर त्या कॉलेजच्या एमएसएला, म्हणजे मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशनला मेसेज टाका. १९६३ साली इलिनॉय युनिव्हर्सिटीत सुरू झालेली ही संघटना आता कितीतरी कॅम्पसवर आहे आणि मुलं मनापासून उत्तर देतात.

आता पैसे. हे अम्मी-अब्बांसोबत बसूनच करा, लाजू नका. आपल्यात व्याज हराम, आणि बऱ्याच घरांत 'फाफ्सा (कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदतीचा फॉर्म) भरला म्हणजे व्याजाचं कर्ज घेतलं' असा समज असतो आणि त्यापायी फॉर्मच भरला जात नाही, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. फाफ्सा हा फक्त मदतीचा अर्ज आहे. त्यातून ग्रँट (अनुदान), वर्क-स्टडी (शिकताना करायचं पगारी काम), लोन असं वेगवेगळं ऑफर होतं, त्यातलं लोन नको म्हणता येतं आणि ग्रँट ठेवता येते. पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी अनुदान, २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे आणि ती साधारणपणे परत करायची नसते. तुमचा फाफ्सा बारावीत भरायचा, पण त्यात उत्पन्न बघतात ते याच डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचं, म्हणून टॅक्सचे कागद आत्ताच एका फाइलला लावून ठेवा. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता तुम्हाला अंदाजे किती भरावे लागतील ते तो सांगतो, तीन-चार कॉलेजांचे आकडे टाकून बघा, कधी कधी महागडं प्रायव्हेट कॉलेज स्टेट युनिव्हर्सिटीपेक्षा स्वस्त पडतं. तरीही कमी पडलं तर 'अ कंटिन्युअस चॅरिटी' ही संस्था मुस्लिम विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज देते, शिवाय दोन वर्षं स्वस्त कम्युनिटी कॉलेज करून मोठ्या कॉलेजात ट्रान्सफर घेणं हाही चांगला रस्ता आहे, त्यात कमीपणा कसला?

मग एका दुपारी वही घेऊन बसा आणि नववीपासून काय काय केलं ते लिहून काढा. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या ऑनलाइन प्रवेश अर्जात, १० ॲक्टिव्हिटी बसतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं मिळतात. आपली मुलं मशिदीतलं काम मोजतच नाहीत. 'मशिदीत मदत केली' असं लिहू नका, 'दर रविवारी १२ लहान मुलांना कुराण वाचायला शिकवलं, दोन वर्षं' असं लिहा. हिफ्ज (कुराण पाठ करणं), इफ्तारची व्यवस्था, धाकट्या भावंडांना सांभाळणं, दुकानात अब्बांना हातभार, सगळं चालतं. फक्त खरं आणि आकड्यानिशी लिहा.

एसएटीची तारीख निवडताना कॅलेंडर उघडा. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतोय. २०२६ च्या मार्चातली एसएटी १४ तारखेची, म्हणजे ऐन रोज्यांत. काही मुलांना रोज्यात उलट जास्त एकाग्रता येते, तुम्हाला जमत नसेल तर मे किंवा जूनची घ्या. परीक्षा आता कॉम्प्युटरवर असते, २ तास १४ मिनिटांची, ती ज्यावर द्यायची त्याच ब्लूबुक ॲपवर पूर्ण सराव पेपर फुकट मिळतात, सुट्टीत सकाळी उठून एक तरी घड्याळ लावून सोडवा.

कॉमन ॲपसोबतचा निबंध आत्ताच लिहायची गरज नाही, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा तो निबंध उन्हाळ्यात होईल, तोवर आठवणी सुचतील तशा फोनमध्ये टिपून ठेवा. आणि शाळा सुरू झाली की ज्या दोन टीचर तुम्हाला नीट ओळखतात त्यांच्या वर्गात जरा पुढे बसायला लागा, मे महिन्यात शिफारसपत्र त्यांच्याकडेच मागायचंय.