कॉलेज फुटबॉल: कुठला फ्रेशमन पहिल्याच वर्षी चमकणार? अंदाज लावताना या चुका टाळा

दरवर्षी ऑगस्टमध्ये तेच. अमेरिकेत कोलंबस, ॲन आर्बर, ऑस्टिनला एमएस करायला आलेली आपली पोरं पहिल्या वर्षी म्हणतात हा कसला फुटबॉल, बॉलला पाय तर लावतच नाहीत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शनिवारी टीव्हीसमोरून हलत नाहीत, मग ग्रुपवर याद्या पडायला लागतात की यंदा हा फ्रेशमन (कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा प्लेयर) धुमाकूळ घालणार, लिहून ठेवा. नोव्हेंबर येईपर्यंत त्या यादीतली बरीचशी नावं बेंचवर असतात आणि कोणी विषय काढत नाही.

२०२४ चं ओहायो स्टेट घ्या. एकाच वर्षी एकाच टीममध्ये दोन पाच-स्टार (हायस्कूलच्या पोरांना मिळणारं सगळ्यात वरचं रेटिंग) पोरं आली. एक जेरेमाया स्मिथ, वाइड रिसीव्हर म्हणजे पळत जाऊन पास पकडणारा, त्या बॅचमधला देशात एक नंबर. दुसरा ज्युलियन सेयिन, क्वार्टरबॅक म्हणजे पास टाकणारा, तो खरं तर अलाबामाला जॉइन झालेला पण जानेवारीत तिथला कोच निक सेबन रिटायर झाला आणि हा तिथून निघून कोलंबसला, ओहायो स्टेटला आला. स्मिथने ७६ कॅच, १३१५ यार्ड, १५ टचडाउन केले, आणि वर नोटर डेमविरुद्धच्या फायनलला शेवटी थर्ड अँड ११ (तिसरा प्रयत्न, ११ यार्ड हवेत) असताना ५६ यार्डचा कॅच घेऊन मॅच जवळपास खिशात घातली. सेयिनचं नाव त्या वर्षी फार कोणी घेतलंच नाही. आणि पुढच्या वर्षी, २०२५ ला, तोच सेयिन स्टार्टर झाला आणि थेट हाइझमनच्या (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज प्लेयरच्या ट्रॉफीच्या) फायनलिस्टमध्ये.

म्हणजे पोरगा कच्चा होता असं काही नव्हतं. स्मिथ आला तेव्हा मार्विन हॅरिसन ज्युनियर नुकताच एनएफएलला (प्रो लीगला) गेलेला, त्याची जागा रिकामी. सेयिन आला तेव्हा कॅन्सस स्टेटहून विल हॉवर्ड हा क्वार्टरबॅक आणून बसवलेला, चार वर्षं कॉलेज फुटबॉल खेळलेला माणूस. बस एवढंच. माझं म्हणणं हेच आहे की आधी जागा बघा आणि मग पोरगा बघा, आपण नेमकं उलटं करतो.

चूक: स्टार मोजून नाव टाकणं

स्टार रेटिंग खोटं नसतं, पण ते कशासाठी असतं ते लोक विसरतात. रेटिंग देणारे २४७स्पोर्ट्स वेबसाइटवाले दर बॅचमध्ये साधारण ३२ पोरांना पाच स्टार देतात, आणि ३२ का, तर एनएफएल ड्राफ्टच्या (प्रो टीम कॉलेजमधून प्लेयर निवडतात त्या) पहिल्या राउंडमध्ये ३२ पिक असतात म्हणून. म्हणजे ते सांगतायत की हा पोरगा तीन-चार वर्षांनी पहिल्या राउंडमध्ये जाईल असं वाटतंय. येत्या सप्टेंबरमध्ये तो किती स्नॅप (एकेक प्ले) खेळेल याबद्दल त्यांनी एक शब्द पण बोललेला नाही, ते आपण आपल्या मनाने लावतो.

आर्च मॅनिंग २०२३ च्या बॅचचा एक नंबर, आडनाव मॅनिंग, काका एनएफएल गाजवलेले पेटन आणि ईलाय, आणखी काय पाहिजे? पण टेक्सासकडे क्वार्टरबॅकला क्विन इवर्स होता, आर्चला मेन स्टार्टर व्हायला २०२५ उजाडलं. गंमत म्हणजे हा इवर्स स्वतः पण हेच भोगून आलेला. हायस्कूलचं शेवटचं वर्ष सोडून तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये ओहायो स्टेटला गेला, रेटिंग जवळपास पैकीच्या पैकी, आणि अख्ख्या सीझनमध्ये खेळला दोन स्नॅप, दोन्ही वेळा बॉल नुसता रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) हातात दिला. त्याच्या पुढे स्टार्टर सी. जे. स्ट्राउड होता ना.

उलट बाजू पण बघा. जोनाथन टेलर तीन-स्टार होता, न्यू जर्सीतल्या सेलम नावाच्या छोट्या गावचा. २०१७ ला विस्कॉन्सिनला गेला, त्यांचा आधीचा मेन रनिंग बॅक कोरी क्लेमेंट कॉलेज संपवून गेलेला, ऑफेन्सिव्ह लाइन (पुढे राहून वाट मोकळी करणारे) नेहमीसारखी दांडगी, आणि या पोराने १९७७ यार्ड काढले. एड्रियन पीटरसनने २००४ ला ओक्लाहोमाकडून १९२५ यार्डचा फ्रेशमन रेकॉर्ड केला होता, तो मोडला. पीटरसन सगळ्यांना माहीत असलेला रिक्रूट, टेलरचं नाव उन्हाळ्यात कोणाच्याच यादीत नसावं.

चूक: पुढे कोण उभा आहे ते न बघणं

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा लांबण लावतो.

मार्विन हॅरिसन ज्युनियरचंच बघा, ज्याची जागा पुढे स्मिथला मिळाली. तो स्वतः २०२१ ला फ्रेशमन होता तेव्हा अख्ख्या सीझनमध्ये त्याचे ११ कॅच. फक्त ११! आणि त्यातले ६ एकाच मॅचमध्ये, १ जानेवारी २०२२ च्या रोझ बोलमध्ये (बोल म्हणजे सीझन संपल्यावरची मानाची मॅच), तीन टचडाउनसकट. आदल्या महिन्याभरात त्याने असा काय जादूटोणा केला? काही नाही, त्याच्या पुढचे रिसीव्हर गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे दोघंही ड्राफ्टसाठी त्या मॅचमधून बाजूला झाले, जागा रिकामी झाली आणि हा आत आला. पोरगा तोच, हात तेच.

इंज्युरीने पण जागा होते आणि त्याचा अंदाज कोणीच लावू शकत नाही, पण दोन नंबरला कोण उभा आहे हे तर आधीच बघता येतं ना. २०१७ ला जॉर्जियाचा जेकब ईसन पहिल्याच मॅचमध्ये गुडघा दुखावून बाहेर गेला, जेक फ्रॉम आत आला आणि फ्रेशमन क्वार्टरबॅक घेऊन टीम नॅशनल फायनलपर्यंत पोचली. तिथे त्यांना हरवलं कोणी, तर अलाबामाच्या दुसऱ्या फ्रेशमनने, हाफटाइमनंतर आलेल्या टुआ टॅगोवायलोआने, ओव्हरटाइममध्ये सेकंड अँड २६ ला ४१ यार्डचा पास टाकून, आणि तो पकडणारा डेव्हॉन्टा स्मिथ पण फ्रेशमनच. नोटर डेमला २०२४ मध्ये बेंजामिन मॉरिसन जखमी झाल्यावर लेनर्ड मूर नावाचा तीन-स्टार कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा डिफेन्सवाला) आत आला आणि नंतर हललाच नाही.

आता यात नवीन भानगड म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, कॉलेज बदलू पाहणाऱ्या प्लेयर्सची यादी. पूर्वी सीनियर गेला की जागा बऱ्याचदा खालच्या पोराला मिळायची, आता कोच लगेच पोर्टलमधून बावीस-तेवीस वर्षांचा तयार गडी आणतो. त्यामुळे 'त्यांचे तीन रिसीव्हर गेले, म्हणजे यांच्या फ्रेशमनला चान्स' एवढंच बघून चालत नाही, गेले किती आणि बाहेरून आले किती दोन्ही मोजा. एक गोष्ट मात्र सोपी झालीय, आधी एप्रिलमध्ये पण पोर्टलची विंडो असायची आणि स्प्रिंगनंतर सगळं उलटंपालटं व्हायचं, २०२६ पासून जानेवारीतली एकच विंडो ठेवलीय, म्हणजे मार्चमध्ये जी जागा रिकामी दिसते ती ऑगस्टमध्ये पण बहुतेक रिकामीच असणार, एखादा कोच मध्येच बदलला तर गोष्ट वेगळी.

चूक: सगळ्या पोझिशनला एकच माप लावणं

रनिंग बॅक आणि रिसीव्हर लवकर खेळतात, कारण तिथे पळणं आणि पकडणं हे पोरं आधीच घेऊन आलेली असतात. हर्शेल वॉकरने १९८० ला जॉर्जियाकडून १६१६ यार्ड काढून टीमला चॅम्पियन केलं, मॉरिस क्लॅरेटने २००२ ला ओहायो स्टेटसाठी तेच केलं. रनिंग बॅकमध्ये एक मेख आहे, पास प्रोटेक्शन, म्हणजे पास टाकताना क्वार्टरबॅकला वाचवणं. ब्लिट्झ येतो (जादा डिफेन्सवाले क्वार्टरबॅकवर धावून येतात) तेव्हा कोणाला अडवायचं हे ज्याला कळत नाही त्याला कोच थर्ड डाउनला बाहेर काढतो, मग तो कितीही वेगाने पळो. कॅम्पच्या बातम्यांमध्ये 'प्रोटेक्शन शिकतोय' असं कोच म्हणाला की समजायचं, पोराला निम्मेच स्नॅप मिळणार.

ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे एकदम दुसरं टोक. अठरा वर्षांच्या पोराने बावीस वर्षांच्या, तीन वर्षं कॉलेजच्या जिममध्ये घासलेल्या डिफेन्सिव्ह एंडला थांबवायचं, सोपं नाही राव. पनेई सूएल २०१८ ला ओरेगनमध्ये, केल्विन बँक्स २०२२ ला टेक्सासमध्ये लेफ्ट टॅकल या लाइनवरच्या जागेला पहिल्याच वर्षी स्टार्ट झाले, पण असे मोजकेच. केडिन प्रॉक्टर २०२३ ला अलाबामात पाच-स्टार म्हणून आला, पहिल्यापासून स्टार्ट झाला आणि सुरुवातीला चांगलाच मार खाल्ला, पुढच्या वर्षांत सुधारला. म्हणून लाइनवाला स्टार्टर होणार एवढं सांगून थांबा, चमकणार वगैरे लिहू नका.

क्वार्टरबॅकला तर जागाच एक असते. ट्रेव्हर लॉरेन्ससारखा एक नंबरचा पोरगा पण २०१८ च्या पहिल्या चार मॅच केली ब्रायंटच्या मागे होता, पाचव्या मॅचपासून स्टार्टर झाला, क्लेमसन १५-० गेली आणि फायनलला अलाबामाला ४४-१६ धुतलं. डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारे मागचे डिफेन्सवाले) लवकर खेळतात हे मात्र लोक विसरतात, कारण त्यांची यादी कोणी करत नाही. केलेब डाउन्सने २०२३ ला अलाबामात फ्रेशमन असताना १०७ टॅकल केले (बॉलवाल्याला पाडणं), टीममध्ये सगळ्यात जास्त.

चूक: हायस्कूलचे आकडे

कल्याणला २०१६ च्या जानेवारीत प्रणव धनावडेने शाळेच्या मॅचमध्ये नाबाद १००९ केले होते, आठवतंय? तेव्हा पेपरात सगळीकडे आकडा होता, समोर बॉलिंग कोण टाकत होतं हे मात्र फार थोड्यांनी विचारलं, आणि त्यात त्या पोराचा काही दोष नव्हता. हायस्कूल फुटबॉलचं तेच आहे. कोणी म्हणालं याने सीझनमध्ये ५० टचडाउन मारले, की पहिला प्रश्न विचारा, कोणाविरुद्ध? साउथ फ्लोरिडातल्या शमिनाड-मडॉना किंवा अमेरिकन हेरिटेज, कॅलिफोर्नियातल्या मेटर डे किंवा सेंट जॉन बॉस्को, इथली पोरं दर आठवड्याला समोर पुढच्या कॉलेज प्लेयर्सना बघतात. जेरेमाया स्मिथ शमिनाड-मडॉनाचाच. छोट्या गावातून टेलरसारखा पण येतो, तेव्हा नियम म्हणून नाही सांगत, पण नुसता आकडा बघून उड्या मारू नका.

चूक: कॅम्पसवर कधी आला ते न विचारणं

आजकाल बरीच पोरं हायस्कूल सहा महिने आधी संपवून जानेवारीतच कॉलेजला येतात. जो जानेवारीत आला त्याला विंटरची जिम, स्प्रिंगची प्रॅक्टिस, प्लेबुक सगळं मिळतं, जो जूनमध्ये आला तो ऑगस्टमध्ये अजून सिग्नल पाठ करत असतो. क्लॅरेट २००२ ला जानेवारीत आलेला, लॉरेन्स आणि स्मिथ पण. इवर्स ऑगस्टमध्ये. वयावर जाऊ नका, अलाबामाचा रायन विल्यम्स एक वर्ष आधी बॅच बदलून आला, १७ वर्षांचा असताना २०२४ ला जॉर्जियाविरुद्ध १७७ यार्ड काढले. मायामीचा मलाकाय टोनी पण २०२५ ला तसाच लवकर आला आणि पहिल्याच सीझनमध्ये हजार यार्ड पार केले.

स्प्रिंग गेमबद्दल काय बोलायचं, तिथे दोन नंबरचे दोन नंबरच्यांविरुद्ध खेळतात आणि एक लांब टचडाउन झालं की क्लिप आठवडाभर फिरते. टेक्सासने तर २०२५ ला स्प्रिंग गेम घेतलाच नाही. ती क्लिप बघा, एन्जॉय करा, यादीत टाकू नका.

आणि ट्रू फ्रेशमन आणि रेडशर्ट फ्रेशमन मिसळू नका रे बाबांनो. 'मॅनझिलने फ्रेशमन असताना हाइझमन जिंकली' हे दरवर्षी कोणीतरी टाकतंच. जॉनी मॅनझिल २०१२ ला आणि जेमिस विन्स्टन २०१३ ला, दोघंही रेडशर्ट, म्हणजे एक वर्ष टीमबरोबर आधीच काढलेलं. ट्रू फ्रेशमनला हाइझमन आजवर मिळालेली नाही, पीटरसन २००४ ला दुसरा आला होता.

नाव टाकलंय, पण पोरगा खेळतच नाहीये, आता?

सप्टेंबरच्या शेवटी हा प्रश्न येतोच. लगेच नाव खोडू नका, आधी तो किती मॅच खेळला ते मोजा. २०१८ ला नियम आला की चार मॅचपर्यंत खेळलं तरी रेडशर्टचं वर्ष वाचतं, म्हणजे ते खेळायच्या वर्षांत मोजत नाहीत, आणि नंतर बोल गेम आणि प्लेऑफ त्या चारात धरायचे नाहीत असं ठरलं. त्यामुळे दोन-तीन मॅच खेळून पोरगा अचानक गायब झाला असेल तर कोच त्याचं वर्ष वाचवतोय, या सीझनला तो गेला असं समजा. पाचवी मॅच खेळला तर मात्र कोचला तो पाहिजेच आहे, मग कॅच दोनच का असेनात, त्याला ठेवा.

मग स्नॅप बघा, यार्ड नंतर. रिसीव्हर मॅचला पस्तीस-चाळीस स्नॅप खेळतोय पण बॉल येत नाहीये, तर प्रॉब्लेम क्वार्टरबॅकचा किंवा प्ले-कॉलिंगचा असू शकतो आणि तो सुटू शकतो. पंधरा स्नॅप आणि त्यातले बरेचसे स्पेशल टीमवर (किक मारतात तेव्हाची टीम), तर या वर्षी एवढंच.

इंज्युरीसाठी अफवांवर जाऊ नका, बिग टेन २०२३ पासून आणि एसईसी २०२४ पासून (दोन्ही कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचे गट) अव्हेलेबिलिटी रिपोर्ट, म्हणजे कोण खेळू शकेल त्याची यादी, काढतात, एसईसीचा कॉन्फरन्स मॅचच्या आठवड्यात बुधवारपासूनच येतो. त्यात पोराचं नाव शोधायचंच, पण त्याच्या पुढच्या माणसाचं नाव आधी शोधा. तो 'डाउटफुल' असेल तर शनिवारी बाकी कामं उरकून बसा.

आणि डिसेंबरमध्ये यादी बंद करू नका. बोल गेमच्या आधी कोण ड्राफ्टसाठी बाहेर पडतोय ते बघितलं की हॅरिसनसारखा एखादा तिथेच सापडतो. शिवाय काही पोरं पुढच्या सीझनची असून त्याच वेळी येऊन प्रॅक्टिसला लागतात. डेरेक स्टिंगली ज्युनियर २०१८ च्या डिसेंबरमध्ये एलएसयूबरोबर फिएस्टा बोलची प्रॅक्टिस करत होता, मॅच खेळायची परवानगी नसताना, आणि पुढच्या सीझनला त्याने कॉर्नरला ६ इंटरसेप्शन घेतले (समोरच्यांचे पास मध्येच पकडले) आणि टीम चॅम्पियन झाली. २०१९ च्या यादीतलं ते नाव २०१८ संपायच्या आधीच मैदानावर दिसत होतं.